नव्या पोत्याला तोंड लावीना

कुत्रं खात नाही अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की मी आधी कुत्र्याकडे बघत नाही. घरात कोण कोण राहतं, सकाळचा पहिला चहा कोण करतं आणि दुपारी घरी एकटं कोण असतं, एवढं विचारून घेतो. निम्म्या वेळा निदान तिथंच होतं.

कनेरगाव नाका आणि आसपासची खेडी ही माझी फिरती. परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून बाहेर पडलो तेव्हा डोळ्यांपुढं गाय, म्हैस, शेळी एवढंच होतं. आजही दिवसाचा मोठा भाग त्यांचाच जातो. अडलेली गाय, पोटफुगी, कासदाह. पण अलीकडं फोनवर वेगळ्याच तक्रारी येऊ लागल्या आहेत. वाशीमच्या बाजूचा माणूस म्हणतो, ‘डॉक्टर, आमचा टायगर नवीन पेडिग्री खाऊनच नाही राहिला.’ हिंगोलीच्या बाजूचा म्हणतो, ‘तोंडच लावीना गेलाय हो.’ इथं एके काळी निजामाची हद्द संपून वऱ्हाड सुरू व्हायचं. आज विदर्भ आणि मराठवाडा असे दोन मुलूख नाक्यावर भेटतात, पण कुत्र्याचं गाऱ्हाणं दोन्हीकडं एकच. आणि कुत्र्याच्या सुक्या खाद्याचं पोतं कोणत्याही कंपनीचं असो, नाक्यावर त्याला पेडिग्रीच म्हणतात.

ही सगळी कुत्री ‘नखरेल’ ठरवून माझ्याकडे येतात. इतकी वर्षं ती जवळून बघून माझं मत पक्कं झालं आहे. कुत्रं उगाच उपाशी राहत नाही. त्याच्या नकारामागं कारण असतं, आणि ते कारण बहुतेक वेळा त्याच्या वाडग्याच्या बाहेर सापडतं.

नाक्यावरच्या एका हॉटेलवाल्याच्या घरी पांढराशुभ्र पामेरियन आहे. मुलगा पुण्याला कंपनीत. त्यानं तिकडून महागाचं नवं पोतं मागवून दिलं आणि रोज फोनवर विचारपूस सुरू केली. इकडं कुत्रं वाडग्याजवळ जायचं, हुंगायचं आणि माघारी यायचं. दोन-चार दिवसांत सगळं घर काळजीनं खचलं. मुलगा म्हणे, ‘सलाईन लावा.’ मी म्हटलं, आधी वजन करू. शेजारच्या भुसार दुकानात सोयाबीनचे कट्टे मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, त्यावर त्याला उभं केलं आणि आकडा लिहून ठेवला. सहा किलोच्या थोडं आत. काही दिवसांनी पुन्हा आणायला सांगितलं. मधल्या काळात त्यानं नव्या खाद्याचा एक दाणाही खाल्ला नव्हता, हे घरच्यांनी शपथेवर सांगितलं. काट्यावर वजन पूर्वीपेक्षा किंचित जास्तच भरलं.

मी कुत्र्याची हनुवटी वर केली. खालचे केस एकमेकांना चिकटून कडक झाले होते, पिवळट पडले होते आणि त्यांत ज्वारीच्या भाकरीचे बारीक कण वाळून बसले होते. दूध-भाकरी! मी काहीच बोललो नाही. दारात आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. दुपारी सगळे हॉटेलवर गेले की घरात त्या आणि कुत्रं दोघंच.

आता हिशेब बघा. सहा किलोच्या पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण ४०० ते ४५० कॅलरी पुरतात. सुक्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये ३५० च्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे त्याचं दिवसाचं पूर्ण जेवण सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर. आपल्याकडची एक चांगली जाड भाकरी एकटीच २०० च्या वर जाते. त्यावर दूध आणि येता-जाता हॉटेलातल्या गिऱ्हाइकांनी टाकलेली ग्लुकोजची बिस्किटं. एका बिस्किटाच्या २५ धरा. त्या कुत्र्याचं पोट दुपारीच भरत होतं. संध्याकाळी त्याच्यापुढं जगातलं सर्वांत भारी खाद्य ठेवलं असतं तरी त्यानं हुंगून सोडलंच असतं.

आजींना घरच्यांसमोर उघडं पाडायचं नाही, हा माझा नियम आहे. उघडं पाडलं की लपूनछपून खाऊ घालणं आणखी वाढतं. मी म्हटलं, ‘आजी, ह्याचं खाणं आजपासून तुमच्याच हातानं. दुसऱ्या कुणीही घालायचं नाही. तुमच्यावर त्याचा भरवसा आहे.’ आजींचा चेहराच बदलला. त्यांनी फडताळातून आमटीची स्टीलची वाटी काढली आणि विचारलं, ‘किती घालू सांगा.’

मग आम्ही वाटीवर गणित बसवलं. जुनं जे खात होता ते तीन भाग आणि नवं एक भाग, असं दोन-तीन दिवस. पुढचे दोन-तीन दिवस निम्मं-निम्मं. मग एक भाग जुनं, तीन भाग नवं. सगळं मिळून सात ते दहा दिवस. पोट नाजूक असलेल्या कुत्र्याला दोन आठवडेही लागू द्यावेत. ही घाई न करण्यामागं कारण आहे. आतड्यातले जिवाणू रोजच्या अन्नाला सरावलेले असतात. एकदम अन्न बदललं की नव्या अन्नावर जगणारे जिवाणू वाढायला वेळ लागतो, तोवर हगवण लागते. हगवण लागली की घरचे म्हणतात, ‘खाद्यच वाईट निघालं,’ आणि पोतं शेजाऱ्याला देऊन टाकतात. चांगली चांगली खाद्यं अशी फुकट बदनाम होतात.

आजींच्या कुत्र्यानं पुढं आणखी एक पेच टाकला. तो मिसळलेल्या वाटीतून जुनं तेवढं निवडून खायचा आणि नवे दाणे जिभेनं बाजूला काढून फरशीवर एका रांगेत ठेवायचा. मी ते बसून पाहिलं आहे, एकही दाणा चुकला नाही. यावर उपाय आजींच्याच मिक्सरचा. नव्या खाद्याचे दाणे कोरडेच दळायचे, ती भुकटी ओलसर केलेल्या जुन्या खाण्याला चोळायची. आता निवडायचं काय? आधी भुकटी, मग भरड, मग अर्धे फोडलेले दाणे, मग अख्खे. आठवडाभरात त्यानं अख्खे दाणे कडाकडा फोडायला सुरुवात केली. दूध मात्र बंद केलं, कारण मोठं झाल्यावर बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही आणि त्या हगवणीचा आळ पुन्हा नव्या खाद्यावर येतो.

आजी एकदा म्हणाल्या, ‘कोरडं कोरडं त्याच्या नरड्याखाली कसं उतरावं? नामदेव महाराज तर तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं पळाले होते.’ नर्सी नामदेव आमच्याच हिंगोली तालुक्यातलं, त्यामुळं ही कथा इकडच्या प्रत्येक घरात लहानपणीच कानावर पडते. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव ‘देवा, कोरडी खाऊ नका’ म्हणत मागं धावले. मी आजींना सांगितलं, तुम्ही म्हणता ते कारखान्यातही करतात.

खरंच करतात. सुकं खाद्य कसं बनतं हे माहीत असलं की कुत्र्याचा नकार निम्मा समजतो. मक्याचं, गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ, कोंबडीच्या मांसाची भुकटी, चरबी, क्षार, जीवनसत्त्वं यांचा ओला लगदा वाफेवर आणि मोठ्या दाबाखाली शंभर अंशांच्या वर शिजवतात आणि साच्याच्या भोकातून बाहेर ढकलतात. बाहेर येताच दाब सुटतो आणि लगदा तेलात टाकलेल्या पोंग्यासारखा फुलतो. पाती फिरून त्याचे दाणे कापतात. मग ते इतके वाळवतात की दाण्यात पाण्याचा अंश दहा टक्क्यांच्या आसपास उरतो. या टप्प्यावर त्या दाण्याला कुत्र्याच्या नाकाला आवडेल असा वास जवळजवळ नसतो. मग शेवटचा टप्पा येतो. फिरत्या पिंपात दाण्यांवर गरम चरबी फवारतात आणि त्यावर कोंबडीच्या काळजासारख्या अवयवांपासून बनवलेला अर्क चढवतात. कुत्र्याला बोलावतो तो हा अर्क. सगळी मोहिनी दाण्याच्या पाठीवर असते, पोटात नव्हे.

हे तंत्र फार जुनंही नाही. कुत्र्यांसाठी खास बिस्किटं विकायची सुरुवात जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसानं १८६० च्या सुमारास लंडनमध्ये केली. फुलवलेले दाणे त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी आले. अमेरिकेतल्या राल्स्टन प्युरिना कंपनीनं १९५७ मध्ये ते बाजारात आणले. आज आपल्याकडं पेडिग्रीवाल्या मार्स कंपनीचा कारखाना तेलंगणात आहे आणि ड्रूल्सचा छत्तीसगडमध्ये राजनांदगावला. ड्रूल्स ज्या समूहाची, त्याचा मूळ धंदा ब्रॉयलर कोंबड्यांचा. कोंबडी ज्याच्या घरची, त्याला कुत्र्याच्या खाद्यात उतरणं सोपं गेलं, हे उघड आहे.

कुत्र्याच्या खाद्याच्या धंद्यात चव तपासायची पद्धत बघण्यासारखी असते. कुत्र्यापुढं एकाच वेळी दोन वाडगी ठेवतात, दोन्हींत वेगवेगळं खाद्य. तो आधी कशाला तोंड लावतो आणि शेवटी कोणतं किती संपवतो, हे नोंदवतात. दुसऱ्या दिवशी तीच वाडगी डावी-उजवी बदलून ठेवतात, कारण काही कुत्री खाद्य कोणतंही असो, सवयीनं एकाच बाजूला जातात. म्हणजे कंपनीच्या लोकांनासुद्धा कुत्र्याचा होकार एका दिवसात खरा मानता येत नाही. आणि आपण पहिल्याच दिवशी वाडगं उचलून ‘ह्याला आवडत नाही’ म्हणून मोकळे होतो.

कुत्र्याची जीभ आपल्यापेक्षा मंद. आपल्या जिभेवर चवीच्या कळ्या नऊ हजारांच्या आसपास, त्याच्या जिभेवर सतराशेच्या आसपास. पण वास टिपणाऱ्या पेशी आपल्या नाकात पन्नास-साठ लाख आणि त्याच्या नाकात वीस ते तीस कोटी धरतात. तो नाकानंच जेवतो. म्हणून आजींना मी तुपाऐवजी कोमट पाणी सुचवलं. दाण्यांवर बोटाला सोसेल इतकं कोमट पाणी थोडंसं घालायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं. चरबी मऊ होते, वास उठतो. उकळतं पाणी नको. कोंबडी शिजवलेलं साधं पाणीही चालतं, पण त्यात मीठ, मसाला, कांदा, लसूण काही नसावं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. आपल्या घरच्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यात दोन्ही भरपूर असतं आणि लोक तोच रस्सा प्रेमानं दाण्यांवर ओततात. तुपाचं म्हणाल तर बोटभर चाटवायला हरकत नाही, पण वाटी नको. जास्त तुपा-चरबीनं स्वादुपिंडाला सूज येते आणि त्या दुखण्यात मी कुत्री दगावलेली पाहिली आहेत.

वास दाण्याच्या पाठीवर असतो हे एकदा कळलं, की गावाकडच्या दुकानांतली गोम लक्षात येते. इथं दहा-वीस किलोचं अख्खं पोतं घेणारे थोडे. बहुतेक जण सुटं घेतात, अर्धा किलो, एक किलो, कॅरीबॅगमध्ये. दुकानात पोत्याचं तोंड दिवसभर उघडं. उन्हाळ्यात पत्र्याखाली ते तापतं, पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून घेतं. वरची चरबी हवा लागून खवट होते. खवट शेंगदाणा तोंडात गेला तर आपण थुंकून टाकतो. मग कुत्र्यानं तेच केलं तर तो नखरेल कसा?

एका खेड्यातल्या पोलीस पाटलांच्या कुत्र्याची गोष्ट सांगतो. रखवालीचं दणकट गावठी कुत्रं, काहीही खाणारं. त्यानं एक विशिष्ट खाद्य सोडलं. तेच खाद्य तो शहरात पाटलांच्या लेकीकडं गेला की खायचा, गावी आला की नाही. पाटील म्हणाले, ‘ह्याला शहराची चटक लागली.’ मी खाद्याची पिशवी मागितली आणि नाकाशी धरली. माझ्या साध्या नाकालाही औषधाचा उग्र वास आला. पाटील ते ज्या दुकानातून आणायचे तिथं बियाणं, खत, फवारणीची औषधं आणि कुत्र्याचं खाद्य एकाच मांडणीवर होतं. खाद्याच्या उघड्या पोत्याला टेकून कीटकनाशकाचे डबे. चरबी शेजारचा वास शोषून घेते. त्या कुत्र्यानं खाल्लं नाही म्हणून ते वाचलं, असं मी पाटलांना स्पष्ट सांगितलं. दुकानदाराशीही जाऊन बोललो. त्यानं तक्रार न करता पोतं आतल्या खोलीत हलवलं, आणि आता तिथं झाकणाची कोठी आहे.

आता जी गोष्ट सांगतो ती लक्ष देऊन वाचा.

नाक्याजवळच्या शेतातल्या घरी एक लॅब्रडॉर होता. लॅब्रडॉर म्हणजे खादाड जात. मालकानं खाद्य बदललं आणि त्याच आठवड्यात त्यानं खाणं कमी केलं. सगळ्यांनी दोष नव्या पोत्याला दिला. पोतं बदललं, मग तिसरं आणलं, मग उकडलेली अंडी, मग चिकन. चिकनही सोडलं तेव्हा माझ्याकडं आले. मी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. गुलाबी असायच्या त्या खडूसारख्या पांढऱ्या. कानाच्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड. अंगात ताप. गोचीड तापाचा संशय होता, रक्त तपासलं आणि तोच निघाला. गोचीड चावून रक्तात शिरणाऱ्या जिवाणूमुळं हा आजार होतो, प्लेटलेट कमी होतात, आणि सुरुवातीचं लक्षण बरेचदा एवढंच असतं की कुत्रं खाईनासं होतं. वेळेत औषध सुरू झालं म्हणून तो वाचला. पुढं त्यानं पहिल्या पोत्यातलंच खाद्य चाटूनपुसून खाल्लं. दोष त्या पोत्याचा कधीच नव्हता.

म्हणून खादाड कुत्र्यानं खाणं सोडलं की मी आधी त्याला आजारी धरतो, मग तपासून बरा ठरवतो. दात किडलेला किंवा तुटलेला असेल, हाडाचा तुकडा दाढेत अडकला असेल, तरी कुत्रं वाडग्यापर्यंत हौसेनं येतं, एखादा दाणा उचलतं आणि टाकून देतं. खायची इच्छा आहे, चावता येत नाही. मालक म्हणतो, ‘बघा, चव घेऊन सोडतो.’ त्याच्या तोंडात बोट घालून बघायला कुणी तयार नसतं.

ज्यांना काही दुखणं नाही, पोट रिकामं आहे, खाद्यही ताजं आहे आणि तरी हट्ट आहे, अशी कुत्रीही असतात, पण थोडी. त्यांच्यासाठी पोलीस आणि लष्कराच्या श्वानांची शिस्त कामाला येते. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ठरलेला हात. वाडगं ठेवायचं, पंधरा-वीस मिनिटं कुणी समोर बसून गयावया करायची नाही, खाल्लं नाही तर वाडगं उचलायचं आणि पुढच्या वेळेपर्यंत काही द्यायचं नाही. पाणी मात्र कायम भरलेलं. धडधाकट मोठं कुत्रं फार ताणत नाही. पण हा प्रयोग पिल्लांवर करायचा नाही. लहान जातीच्या पिल्लाची रक्तातली साखर काही तासांच्या उपासानं खाली येते आणि ते गळून पडतं. आजारी, म्हाताऱ्या आणि गाभण कुत्र्यांवरही नको.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की मी भाकरीच्या विरोधात आहे. नाही. २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात स्वीडनच्या संशोधकांचा अभ्यास आला होता. लांडग्यापेक्षा कुत्र्यात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी जास्त असतात, असं त्यात दिसलं. माणसाच्या उंबऱ्यावर, त्याच्या धान्यावर जगत जगतच हे जनावर घडलं आहे. आमच्या शेतांवरची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीच्या भाकरीवर राखण करत आली. अडचण एवढीच की नुसत्या भाकरीत प्रथिनं, चरबी, कॅल्शियम पुरेसं नसतं. वाढत्या पिल्लाचे पाय त्यानं वाकतात. सुक्या खाद्याचा फायदा हा की ते सगळं मापात मिळतं. मोठ्या कुत्र्याच्या खाद्यात पाण्याचा अंश वगळून प्रथिनं किमान १८ टक्के आणि पिल्लाच्या खाद्यात साडेबावीस टक्के असावीत, असं अमेरिकेतल्या पशुखाद्य अधिकाऱ्यांच्या संघटनेचं मानक सांगतं. पिशवीच्या मागं बारीक अक्षरांत आकडे असतात, ते वाचा. कुत्रा आणि हाड एवढंच चित्र बघून पोतं घेऊ नका. भाकरी द्यायचीच असेल तर तेवढं खाद्य वाटीतून कमी करा. दोन्ही पोटभर देऊन वर कुत्र्याला नखरेल म्हणू नका.

नाक्यावरच्या आणि खेड्यांतल्या दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे. खाद्याचं पोतं फवारणीच्या औषधांपासून दूर ठेवा, तोंड घट्ट बांधा, आणि सुटं विकताना पोत्यावरची तारीख गिऱ्हाइकाला दाखवा. कुत्रं पाळणाऱ्यांनी नवं पोतं जुनं संपायच्या आधीच आणावं, म्हणजे मिसळायला जुनं शिल्लक राहतं. आणि मोठ्या कुत्र्यानं दोन दिवस, पिल्लानं एक दिवस, लहान जातीच्या पिल्लानं काही तासही तोंडात घास घेतला नाही, किंवा पाणीही सोडलं, तर तिसरं पोतं शोधू नका. हिरड्या बघा, गोचीड बघा आणि जवळचा जनावरांचा दवाखाना गाठा.